चार फळ्यांवरचे उंदीर

इंटर सायन्सला मी दोनदा नापास झालो. पण नापास व्हायलासुद्धा आधी तिथवर जावं लागतं, आणि सातपाटीत आमच्या आळीतून तिथवर गेलेला मी एकटाच होतो. त्यामुळे माझ्या नापास होण्यालाही थोडा मान होता. माझ्या बरोबरीची पोरं बोटीवर जात होती, जाळी ओढत होती. मी स्वच्छ लेंगा घालून ओट्यावर बसायचो आणि विज्ञानाचा माणूस असल्यासारखा समुद्राकडे बघायचो. समुद्राला त्याचं काही वाटत नसे.

तिसऱ्यांदा परीक्षेला बसावं की बोटीवर, असा विचार चालू होता तेवढ्यात पालघरला मला नोकरी लागली. ही त्रेसष्ट सालची गोष्ट. डॉक्टर खंडेराव सावे मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातून निवृत्त होऊन गावी परतले होते आणि पालघरहून माहीमला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका जुन्या बंगलीत त्यांनी उंदरांवर प्रयोग मांडले होते. उंदीर मुंबईत का ठेवत नाही असं कोणी विचारलं तर ते म्हणायचे, गिरण्यांच्या धुरात उंदीर ठेवले तर फुप्फुसात गाठ आली ती मी दिलेल्या औषधानं की धुरानं, हे मला कोण सांगणार. त्यांना हाताखाली एक माणूस हवा होता. शिकलेला हवा होता, पण फार शिकलेला परवडणार नव्हता. माझं शिक्षण त्यांच्या खिशाला बेतानं बसलं.

काम समजायला सोपं होतं. युरेथेन नावाची एक पांढरी पूड असते, दिसायला मिठासारखी. ती पाण्यात विरघळवून उंदराला टोचली की तो आधी गाढ झोपतो, मग उठून खायला लागतो, आणि पाच-सहा महिन्यांनी त्याचं फुप्फुस काढून बघितलं तर वर मोत्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. त्या गाठी. एवढं जगाला आधीच ठाऊक होतं. साहेबांना बघायचं होतं ते हे की डोस वाढवला तर गाठी कशा वाढतात. दुप्पट दिलं तर दुप्पट होतात का? आणि अगदी थोडंच दिलं तर काहीच होत नाही, असा एखादा डोस असतो का?

त्यासाठी खोलीत एक उंच मांडणी होती, चार फळ्यांची. सगळ्यात खालच्या फळीवरच्या उंदरांना नुसतं मिठाचं पाणी टोचलेलं, त्यावर थोड्या डोसाचे, मग मध्यम आणि सगळ्यात वर जास्त डोसाचे. सगळे पांढरे, लाल डोळ्यांचे आणि एकाच कुळातले. वीस-वीस पिढ्या भावाबहिणींची लग्नं लावून ते कूळ तयार केलेलं होतं. कोणीही कोणाहून वेगळा निघू नये म्हणून.

त्यामुळे अर्थातच ते ओळखू येत नसत. साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की प्रत्येकाच्या कानाला भोक पाडून खूण कर: डावा कान, उजवा कान, दोन्ही कान, कोराच. मी एका उंदराचा कान चिमट्यात धरला. तो ओरडला. मी चिमटा खाली ठेवला. नाहीतरी प्रत्येक पिंजऱ्यावर पाटी लावलेली आहे, पिंजरा काही चालत जाणार नाही, असा मी शास्त्रीय विचार केला. सुई मात्र मी बेधडक टोचायचो. सुईला तो ओरडायचा नाही, झोपायचा. मला जे भूतदयेचं वाटत होतं ते बहुतेक आवाजाचं भय होतं.

साहेबांनी मला एक पांढरा कोट दिला होता. उंदीर अंगावर मुततात म्हणून. मी तो घालून सकाळी सातपाटीच्या एसटीतून उतरायचो आणि संध्याकाळी तोच घालून चढायचो. कोट बंगलीतच ठेवायचा असतो हे मला ठाऊक होतं. पण कोट घातला की कंडक्टर मला 'सर' म्हणायचा.

माझी आई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. तिला मी सांगितलं होतं की मी डॉक्टरांकडे आहे. तिनं त्यातलं 'कडे' गाळलं. महिन्याभरात बाजारात आणि आळीत मी डॉक्टर झालो. मी कोणालाही खोटं सांगितलं नाही. मी फक्त कोट घालून एसटीतून उतरत राहिलो.

दर गुरुवारी साहेब मुंबईला जायचे. त्या दिवशी बंगली माझी असे. अशाच एका गुरुवारी दुपारी, गाठी मोजायला महिनाभर उरला असताना, फाटकात आई उभी दिसली. डोक्यावर पाटी, पाटीत उरलेले बोंबील, आणि मागे आमच्या शेजारची जमना. जमना माझ्याहून थोडी मोठी, विधवा, दिवसभर मासळीच्या वाळवणीवर राबणारी. खोकून खोकून तिचा आवाज बसला होता.

"हिला बघ जरा," आई म्हणाली. "दोन म्हयने झाले खोकते हाय."

त्या वेळी माझ्यापुढे दोन रस्ते होते. एक, मी डॉक्टर नाही असं सांगणं. दुसरा मी धरला. जमनाला व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि तिची नाडी धरली. नाडी लागत होती. त्यापलीकडे नाडीचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी घड्याळाकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. मग जीभ दाखवायला सांगितलं. जमनानं इतक्या विश्वासानं जीभ बाहेर काढली की मला ती बराच वेळ बघावी लागली.

आईला उन्हात पाटी ठेवायची नव्हती. बंगलीत सगळ्यात गार जागा उंदरांच्या खोलीत होती, खिडक्यांना ओले पडदे असायचे. तिनं दार ढकललं, पाटी आत ठेवली आणि मुलाचं डॉक्टरपण डोळे भरून बघायला परत आली. दार लोटायचं राहिलं. बाजारातून तिच्या मागे लागलेलं मांजर फाटकापाशी थांबून हे सगळं बघत होतं. ते आत कधी गेलं, आम्हा तिघांनाही कळलं नाही. मी त्या वेळी जमनाच्या पापण्या ओढून बघत होतो.

आधी पत्र्याचा एक आवाज आला. मग सगळी मांडणीच कोसळल्याचा.

मांजर बोंबलांकडूनच सुरू झालं असणार, पण वर काय आहे ते दिसल्यावर त्यानं मांडणीवर उडी मारली. मी दारात पोहोचलो तेव्हा चारही फळ्या आडव्या झाल्या होत्या, पिंजऱ्यांची झाकणं उडाली होती, पाट्या भुशात पडल्या होत्या, आणि सगळी खोली पांढरी होऊन पळत होती. मांजर एक उंदीर तोंडात धरून माझ्या दोन पायांमधून बाहेर गेलं. तो मध्यम डोसाचा होता की जास्त, हे मला कधीच कळणार नव्हतं, आणि त्या क्षणी नेमका हाच विचार माझ्या मनात आला याचा मला अजूनही थोडा अभिमान आहे. माझ्यात विज्ञान होतं. फक्त उशिरा येत होतं.

दार लावून आम्ही तिघंही उंदीर धरायला लागलो. मी 'वरच्या फळीचे वेगळे ठेवा, वरच्या फळीचे' असं सांगत फिरत होतो. आई म्हणाली, कोन्ता वरचा ते तू सांग, मी ठेवते. तिनं बोंबील कोपऱ्यात ओतले आणि रिकामी पाटी उंदरांवर उपडी घालत सुटली. जमना खोकत होती, खोकता खोकता हसत होती आणि पदराच्या झोळीत उंदीर भरत होती. संध्याकाळपर्यंत पाच-सहा सोडून सगळे मिळाले. सगळ्यांना बोंबलाचा वास येत होता.

साहेब मुंबईच्या गाडीनं परत आले तेव्हा त्यांच्या उंदीरघरात एक कोळीण दोन मुठींत दोन उंदीर धरून उभी होती. त्यांनी आधी मांडणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, खिडकीतून मांजर आलं. खिडकीला जाळी होती. साहेब जाळीकडे बघत राहिले.

"मांजर माझ्यामागं आलं," आई म्हणाली. "हा दागतर हाय असं समजून मी बाई घेऊन आले."

मला वाटलं, आता साहेब मला घालवणार. पण त्यांनी पिशवी खाली ठेवली, हात धुतले आणि जमनाला विचारलं, खोकला किती दिवसांचा, रात्री घाम येतो का, वजन उतरलंय का. मग कपाटातून नळी काढून त्यांनी तिची पाठ तपासली, खूप वेळ. मी बाजूला उभा राहून बघत होतो. नाडी त्यांनीही धरली, पण आठ्या घातल्या नाहीत. त्यांनी एक चिठ्ठी लिहून तिला छातीचा फोटो काढायला पाठवलं आणि आईला बजावलं की हिला एकटीला जाऊ देऊ नका. टीबी निघाला. गोळ्या आणि सुया सुरू झाल्या. साहेबांनी तिला सांगून ठेवलं होतं की बरं वाटलं तरी औषध सोडायचं नाही, आणि तिनं सोडलं नाही. दुसऱ्या वर्षी ती पुन्हा वाळवणीवर दिसायला लागली. मला बघितलं की ती जीभ बाहेर काढायची.

त्या गुरुवारी परतीच्या एसटीत मी कोट घातला नव्हता. आई खिडकीबाहेर बघत होती. तिकडे बघतच तिनं विचारलं, मग तू तिथं करतो काय. मी सांगितलं: औषध देतो, त्यानं उंदरांना रोग होतो, किती दिल्यावर किती होतो ते मोजतो. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मग मी आता बाजारात काय सांगू?" ती म्हणाली.

उत्तर तिचं तिनंच शोधलं. दुसऱ्या दिवसापासून मी मोठ्या डॉक्टरच्या हाताखालचा झालो, आणि एसटीचा कंडक्टर मला नावानं हाक मारायला लागला.

पण माझ्या अकलेचं खरं प्रदर्शन अजून व्हायचं होतं. दोन दिवस मी त्या उंदरांपुढे बसून होतो. आधी वाटलं, जास्त डोसाचे रोडावले असतील. वजनं केली. सगळ्यात लठ्ठ तो होता ज्यानं सांडलेले बोंबील खाल्ले होते. मग तिसऱ्या दिवशी सकाळी, एसटी पानेरीचा पूल ओलांडत असताना, मला उपाय सुचला, आणि तो इतका सुंदर होता की मी स्टँडपासून बंगलीपर्यंत जवळजवळ पळतच गेलो.

साहेब चहा घेत होते. मी त्यांना म्हणालो की काही बिघडलेलं नाही. महिना थांबू, सगळ्यांची फुप्फुसं काढू, गाठी मोजू. ज्यांना खूप गाठी ते जास्त डोसाचे. बेताच्या असतील ते मध्यम. एकदोन असतील ते थोड्या डोसाचे. आणि कोरी फुप्फुसं मिठाच्या पाण्याची. सगळे आपापल्या फळीवर परत.

साहेबांनी कप खाली ठेवला. एरवी ते मला अरेतुरे करत. फार संतापले की अहोजाहो.

"नामदेवराव," ते म्हणाले, "मग आपण उंदीर पाळले कशाला? हे तुम्ही घरी बसून लिहू शकला असता."

मला लगेच कळलं नाही, हे सांगायला हरकत नाही. मी व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसलो. जास्त डोसानं जास्त गाठी होतात का हे बघायचं होतं, आणि मी जास्त गाठी बघून जास्त डोस ठरवणार होतो. म्हणजे उत्तर आधी खिशात घालून मग प्रश्नाला शोधायला निघालो होतो. हे कळल्यावर कान इतके तापले की त्यांना भोक पाडलं असतं तरी समजलं नसतं. साहेबांनी आतून हाक मारून मला चहा घ्यायला बोलावलं. अरेतुरेनं बोलावलं, म्हणून मी गेलो.

ते उंदीर बाद झाले. नवे आले, त्याच कुळातले. या वेळी मी मिठाच्या पाण्याचे सोडून सगळ्यांचे कान टोचले. ते ओरडले आणि मीही एकदोनदा ओरडलो, कारण ते चावले. औषध टोचून झालं, झोपून उठून ते खायला लागले, आणि आम्ही वाट बघायला लागलो. पावसाळा गेला, भातं कापून झाली. बोईसरच्या बाजूला अणुवीजकेंद्राचं काम सुरू होणार म्हणून जीप धुरळा उडवत जायला लागल्या. बंगलीपुढून गेल्या की मी खिडक्या लावून घ्यायचो. धूर टाळायला इथवर आलेल्या उंदरांना निदान धूळ तरी लागू नये.

मोजायचा दिवस आला. क्लोरोफॉर्म देऊन साहेब एकेक उंदीर उघडायचे, फुप्फुस काढून बशीत ठेवायचे आणि मी भिंगातून ठिपके मोजायचो. कान आधी बघायचा नाही, कापड टाकून झाकायचा, असा त्यांचा नियम होता. कारण ज्याला ठाऊक आहे की हा जास्त डोसाचा, त्याला ठिपकेही जास्त दिसतात. माझ्या बाबतीत तर दिसलेच असते.

तिसरं का चौथं फुप्फुस होतं. भिंगाखाली आलं तसा मी आणखी खाली वाकलो. ठिपकेच ठिपके, वाळूवर बारीक शिंपले पसरावेत तसे. मी मोजले आणि आनंदानं साहेबांना आकडा सांगितला. त्यांनी कापड काढलं. दोन्ही कानांना भोकं. जास्त डोसाचाच. मी हसलो. मग माझ्या लक्षात आलं की मी एका आजारावर खूश झालो आहे. समोर बोटाएवढा एक जीव कापून ठेवलेला होता, त्याच्या छातीत इतक्या गाठी होत्या, आणि माझा चेहरा लॉटरी लागल्यासारखा झाला होता. साहेबांचा तसा झाला नव्हता. ते पुढचा उंदीर उचलत होते.

दिवसभर आकडे साधारण पाहिजे तसे येत गेले. जास्त डोसाला जास्त, मध्यमला मध्यम. मग एक फुप्फुस आलं, अगदी स्वच्छ, गुलाबी, एकही ठिपका नाही. मी पालथं करून बघितलं, उलगडून बघितलं. शून्य. मनात म्हटलं, हा मिठाच्या पाण्याचा. साहेबांनी कापड काढलं. उजवा कान. मध्यम डोस.

संध्याकाळी शेवटी शेवटी एकात दोन ठिपके निघाले. कापड काढलं तर कान कोरे. त्याला कधीच काही दिलेलं नव्हतं.

मी साहेबांना म्हणालो की माझी काहीतरी चूक झाली असेल, सुई चुकली असेल, उंदीर बदलले असतील. माझा इतिहास बघता हे अशक्य नव्हतं. त्यांनी पुन्हा दोन्ही बशा भिंगाखाली घेतल्या. मग म्हणाले की चूक नाही, या कुळात काहींना न देताही होतं.

"आणि ज्याला देऊन झालं नाही, तो?" मी विचारलं.

"आपला आकडा फळीबद्दल बोलतो," साहेब म्हणाले. "या एका उंदराबद्दल त्याला काही सांगता येत नाही. शून्य लिही."

मी शून्य लिहिलं. माझ्या त्या सुंदर उपायानं हे दोघेही भलत्याच फळीवर गेले असते, आणि मी ती फळी बघून समाधानानं मान डोलावली असती.

साहेबांनी सगळी बेरीज मुंबईत एका सभेत वाचून दाखवली. तिथं कोणीतरी उठून विचारलं की थोड्या डोसाच्या फळीवर मिठाच्या पाण्यापेक्षा किंचितच जास्त गाठी आहेत, हा फरक खरा धरायचा का. साहेबांनी सांगितलं, एवढ्या उंदरांवरून सांगता येत नाही. परत आल्यावर मला म्हणाले, आता थोड्या डोसाचेच पुष्कळ उंदीर लागतील, आणि ते वाढायला वेळ जाईल, तोवर तू लग्न उरकून घे.

एडवणची मुलगी सांगून आली, चंद्रकांता. तिच्या वडिलांनी मला समोर बसवून कामाचं विचारलं. या वेळी मी सगळं सांगितलं: उंदीर, पूड, गाठी, मांजर. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. शेवटी एवढंच विचारलं की नोकरी कायम आहे का. नव्हती. तरी त्यांनी मुलगी दिली. माझ्या खरेपणावर खूश होऊन दिली असं मी बरीच वर्षं समजत होतो. पुढे चंद्रकांतानं सांगितलं की आधीचं स्थळ दारू प्यायचं.

लग्नानंतर ती एकदाच उंदीरघर बघायला आली. नवे उंदीर तेव्हा टोचून झाले होते आणि भुशात तोंड खुपसून झोपले होते. ती वाकून बराच वेळ बघत होती. मग हळू आवाजात तिनं विचारलं, यातला कोण आजारी पडणार.

एरवी मी कुठल्याही प्रश्नाला उत्तर देत असे. त्या दिवशी मी तिला, मला ठाऊक नाही, म्हणून सांगितलं. ती माझ्याकडे बघून हसली, आणि पिंजऱ्यात पाण्याची बाटली सरळ लावून दिली.